बदकांनी सुट्टी कधी घ्यावी? वऱ्हाडातल्या हिवाळी अंड्यांचा आढावा

दिवाळी सरली की अकोट-तेल्हारा पट्ट्यातल्या परसांमध्ये बदकांची अंडी कमी होऊ लागतात आणि डिसेंबरात काही घरांत टोपली रिकामीच राहते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : थंडी पडली. हे उत्तर सोयीचं आहे, कारण थंडीवर कोणाचा इलाज नाही. पण ते तपासून पाहिलं तर टिकत नाही. बदकाच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं. त्याच्या वरच्या तेलकट पिसांखाली मऊ लोकरीसारख्या बारीक पिसांचा जाड थर असतो आणि त्याचे रानटी भाईबंद बर्फाच्या कडेला पोहतात. अकोटला भर पौषात रात्रीचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, क्वचित त्याहून खाली जातो, आणि दुपारी तोच २८-२९ वर असतो. बदकाच्या दृष्टीने ही थंडी नाहीच, हा वर्षातला सर्वांत सुखाचा काळ आहे. मग याच काळात ते अंडी का थांबवतं, आणि ती चालू ठेवायची असतील तर पैसा व कष्ट नेमके कशावर खर्च करावेत, हा खरा प्रश्न.

त्याआधी एक शंका बाजूला काढू. वऱ्हाडात मुळात बदकं आहेतच किती? फार नाहीत. हा कापूस-सोयाबीनचा, कोरड्या जमिनीचा मुलूख. इथे परसात गावरान कोंबडी फिरते. विदर्भात बदकाला साजेसा प्रदेश म्हणजे धानाचा आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचा भंडारा-गोंदियाकडचा. देशाचं चित्र पाहिलं तर २०१९च्या विसाव्या पशुगणनेत एकूण ८५ कोटींवर कुक्कुट पक्ष्यांत बदकं सुमारे साडेतीन कोटी भरली, आणि त्यांत मोठा वाटा बंगाल व आसामचा. तरीही परसात चार-सहा बदकं ठेवण्याला वऱ्हाडातही अर्थ आहे. ज्या राणीखेत रोगाने कोंबड्यांचं खुराडं आठवड्यात साफ होतं, त्याला बदक सहसा बळी पडत नाही. कोंबडी पहिल्या वर्षानंतर अंड्यांत लवकर उतरते, खाकी कॅम्पबेल जातीचं बदक दुसऱ्या वर्षीही बऱ्यापैकी साथ देतं. एक अंडं ६५-७० ग्रॅमचं, म्हणजे बाजारातल्या कोंबडीच्या अंड्यापेक्षा सहज १० ग्रॅम जास्त. प्रश्न लहान लोकांचा आहे, म्हणून तो लहान ठरत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी : अंडी थांबली आहेत, की हरवत आहेत? बदक बहुधा पहाटे, उजाडायच्या सुमाराला अंडं घालतं, आणि कोंबडीसारखा त्याचा गाजावाजा करत नाही. दार भल्या पहाटे उघडलं तर अंडं बांधावर, कुटाराच्या ढिगात किंवा नालीत पडतं आणि मुंगूस-कावळ्यांचं भलं होतं. आठवडाभर दार ९ वाजेपर्यंत बंद ठेवून मोजलं तर खरा आकडा कळतो. काही घरांचा प्रश्न इथेच सुटतो.

उरलेल्यांसाठी पहिलं कारण उजेडाचं. पक्ष्यांचा विणीचा काळ दिवसाच्या लांबीवर चालतो, हे १९२५च्या सुमारास कॅनडात विल्यम रोवन यांनी दाखवलं. कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या लहान पक्ष्यांना त्यांनी रोज थोडा थोडा जादा उजेड दिला, तर बाहेर गोठवणारी थंडी असूनही त्यांची जननेंद्रियं वसंतातल्यासारखी वाढली. थंडीचा बहाणा तिथेच निकालात निघाला होता. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी हेच काम आणखी पुढे नेलं, आणि तेही बदकांवरच. डोळे झाकले तरी उजेडाचा परिणाम होतो, कारण तो कवटीतून आरपार जाऊन मेंदूच्या तळाशी पोचतो आणि तिथून संप्रेरकांचा हुकूम सुटतो, असं त्यांनी सिद्ध केलं. लाल-पिवळा उजेड हाडामांसातून निळ्यापेक्षा जास्त आत शिरतो. त्यामुळे खुराड्यात पांढराशुभ्र, निळसर झाकीचा बल्ब लावण्यापेक्षा पिवळसर बल्ब बरा, ही सूचना निव्वळ ऐकीव नाही.

आता हे शास्त्र अकोटच्या अक्षांशावर आणून ठेवू. अकोट २१ अंश उत्तरेला आहे. इथे २१ डिसेंबरला सूर्य ७च्या जरा आधी उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दिवस साधारण १० तास ५० मिनिटांचा. जूनमधला सर्वांत मोठा दिवस १३ तास २५ मिनिटांच्या आसपास. म्हणजे फरक अडीच तासांचा. खाकी कॅम्पबेल ही जात जिथे एका गृहिणीने, ॲडेल कॅम्पबेल यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवली त्या इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरात हिवाळ्यातला दिवस ८ तासांहून लहान आणि उन्हाळ्यातला साडेसोळा तासांहून मोठा असतो. ‘हिवाळ्यात बदकं अंडी देत नाहीत’ हे ज्ञान त्या मुलखातून पुस्तकांत आणि पुस्तकांतून आपल्याकडे आलं. तिथे उजेड निम्म्याने घटतो, इथे पाचव्या हिश्शाने. अंडी देणाऱ्या पक्ष्याला १४ ते १६ तास उजेड द्यावा असं मानलं जातं. त्या मापाने अकोटचा डिसेंबर तीन ते पाच तासांनी तोकडा पडतो, हे खरं. त्यातही सूर्योदयाआधीचा आणि सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश पक्ष्याच्या हिशेबात धरला जातोच. उजेडाची तूट आहे, पण टोपली पार रिकामी व्हावी इतकी ती मोठी नाही. उरलेलं कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि ते खाण्यात सापडतं.

पावसाळ्यात अकोटच्या काळ्या मातीत बदकाला काय मिळतं ते आठवून पाहा : गांडुळं, गोगलगायी, नालीतले किडे, पहिल्या पावसानंतर उडणारी पंखांची उधई, बेडकांची पिल्लं, कोवळं गवत. हे सगळं प्रथिनांनी भरलेलं, आणि फुकट. मालक संध्याकाळी मूठभर ज्वारी टाकतो आणि त्याला वाटतं की बदक ज्वारीवर अंडी देतंय. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, परतीचा पाऊस संपतो, जमीन भेगाळू लागते, गांडुळं खोल जातात. केरळच्या कुट्टनाडात धान कापल्यावर बदकांचे कळप शेतांत सोडतात आणि त्यांना सांडलेला दाणा, गोगलगाय, किडा असा साग्रसंगीत चारा मिळतो. वऱ्हाडात कापणीनंतर शेतात धसकटं आणि धूळ उरते. मालकाची मूठभर ज्वारी मात्र तेवढीच राहते. ती आता पूरक खाद्य नसून एकमेव खाद्य असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

एका अंड्याचा जमाखर्च मांडला की हे स्पष्ट होतं. बदकाच्या अंड्यात ८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि कवचात दोन-अडीच ग्रॅम कॅल्शियम असतं. शिवाय बदकाला स्वतःचं अंग चालवायचं असतं. दिवसाला दीडशे ग्रॅम ज्वारी खाल्ली तरी त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम पंधरा ग्रॅम, तीही लायसीन या अत्यावश्यक घटकात तोकडी. कॅल्शियम तर नावालाच. बदक काही दिवस हाडांतून आणि स्नायूंतून उसनवारी करतं, मग थांबतं. अंडी देणाऱ्या बदकाच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि ३ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं. दुकानातलं कोंबड्यांचं लेअर मॅश या मापाच्या जवळ जातं. घरीच जमवायचं तर ज्वारी किंवा मक्याच्या भरड्यात तेल काढलेल्या सोयाबीनची ढेप, थोडी तुरीची चुणी, आठवडी बाजारातली जरा सुकट आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा, एवढ्यावर काम भागतं. सुकट जपून घालावी, जास्त झाली की अंड्याला वास मारतो. भरडा ओला करून द्यावा. कोरडा भुगा बदकाच्या चोचीला चिकटतो आणि पाण्याच्या भांड्यात वाया जातो.

वऱ्हाडात खाद्याच्या बाबतीत तीन सापळे आहेत आणि तिन्ही इथल्या पिकांतून आलेले. पहिला सरकीच्या ढेपेचा. गायी-म्हशींसाठी ती घरात असतेच, म्हणून बदकांपुढेही टाकली जाते. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक शेवाळी-तपकिरी होतो आणि तिच्या तेलातल्या काही आम्लांमुळे पांढरा भाग गुलाबी पडतो. अंडं फोडल्यावर असा रंग दिसला की गिऱ्हाईक परत येत नाही. दुसरा सापळा घरच्या कच्च्या सोयाबीनचा. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. भाजल्याशिवाय किंवा उकडल्याशिवाय ते देणं म्हणजे प्रथिनं दाखवायची आणि काढून घ्यायची. तिसरा सापळा जिवावर बेतणारा. परतीच्या पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, बुरशी चढलेला मका किंवा खवट भुईमुगाची ढेप स्वस्तात मिळते आणि ‘पाखरांना चालते’ म्हणून घेतली जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाणा पेंडेमुळे हजारो टर्की पक्षी मेले. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. त्या विषाची चाचणी पुढे बदकाच्या एका दिवसाच्या पिल्लांवर केली जाऊ लागली, कारण पाळीव पक्ष्यांत ते सर्वांत नाजूक. कोंबडीला चाललेला दाणा बदकाला चालेलच असं नाही. विषाने पक्षी लगेच मरतो असंही नाही. यकृत बिघडतं, अंडी थांबतात, आणि दोष पुन्हा थंडीच्या माथी जातो.

उजेड आणि खाद्य यांतलं आपल्या बदकांत नेमकं काय कमी आहे, हे पक्षी हातात घेतला की बरंचसं कळतं. छातीचं हाड बोटांना धारदार लागलं, दोन्ही बाजूंचं मांस उतरलेलं असलं तर भूक हे कारण. अंग भरलेलं, पिसं तुळतुळीत, तरी शेपटीखालची दोन हाडं एकमेकांना चिकटल्यासारखी असली तर पक्षी धडधाकट आहे पण अंड्यावर नाही. तिथे उजेडाचा विचार करावा. जमिनीवर पिसांचा सडा आणि मानेवर-पंखावर नव्या पिसांचे काटे दिसले तर पक्षी पिसं बदलतो आहे, त्याला काही आठवडे तरी हात लावू नये. माझ्या मते अकोटच्या परिस्थितीत क्रम असा असावा : आधी खाद्य सुधारावं, तीन आठवडे थांबावं, आणि मगच बल्ब लावावा. बलक भरायलाच आठवड्याहून अधिक काळ जातो, त्यामुळे आज खाऊ घातलं आणि परवा अंडं मागितलं, असं होत नाही. उपाशी बदकाला उजेड दाखवणं तर सरळ अन्याय आहे. मेंदू अंडं घाल म्हणतो आणि अंगात त्याला लागणारा मालच नसतो. मग पातळ कवचाची, कधी बिनकवचाची अंडी येतात.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो : निसर्गाने दिलेली विश्रांती हिरावून पक्षी पिळून काढायचा का? बदकाच्या अंडाशयात ते आयुष्यात घालील त्याच्या कितीतरी पट बीजं असतात, तेव्हा ‘अंडी संपून जातील’ ही भीती खोटी. पण विश्रांती लागते हे खरं आहे. पिसं बदलणं, हाडांतली झीज भरणं या गोष्टी अंड्यांबरोबर होत नाहीत. वाद विश्रांतीबद्दल नाही, तिच्या महिन्याबद्दल आहे. युरोपातल्या पक्ष्याला थंडी, अंधार आणि उपासमार एकाच ऋतूत गाठतात, म्हणून त्याची सुट्टी हिवाळ्यात. वऱ्हाडात चित्र उलटं आहे. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. बदकाला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकतं. धापांबरोबर रक्तातला कर्बवायू उडून जातो, आणि कवच ज्या कार्बोनेटचं बनतं त्याचाच तुटवडा पडतो. वर खाणं कमी होतं. दिवस लांब, उजेड भरपूर, तरी अंडी पातळ, लहान, आणि मग बंद. म्हणजे उन्हाळ्यात उजेड म्हणतो घाल, ऊन म्हणतं थांब. हिवाळ्यात हवा म्हणते घाल, उजेड म्हणतो थांब. या दोन अडथळ्यांपैकी हिवाळ्यातला महिन्याला एक युनिट विजेत दूर होतो. उन्हाळ्यातला कूलर लावूनही धड दूर होत नाही, आणि तेवढं पाणी तेव्हा माणसांनाही नसतं. म्हणून वऱ्हाडातल्या बदकाला विश्रांती जरूर द्यावी, पण ती एप्रिल-मेमध्ये : खाद्यातली प्रथिनं थोडी कमी, सावली आणि पाणी भरपूर, जादा उजेड बंद. इंग्रजी पुस्तकातलं वेळापत्रक सहा महिन्यांनी फिरवून वाचायला हवं.

एक युनिट हा आकडा हवेतला नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज चार तास लावला तर महिन्याला १.०८ युनिट होतात. लहान खुराड्याला त्याहून कमी वॅटही पुरतात. बदकाच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र कसंबसं वाचता येईल इतका उजेड बस झाला. हा उजेड संध्याकाळपेक्षा पहाटे द्यावा, म्हणजे बल्ब विझताना बाहेर उजाडलेलं असतं. रात्री एकदम अंधार झाला की बदकं घाबरून एकमेकांवर चढतात. मोठा आक्षेप लोडशेडिंगचा, आणि तो रास्त आहे. आज चार तास, उद्या काही नाही, परवा दोन, असा उजेड नसलेलाच बरा, कारण अचानक आखूड झालेला दिवस हाच पिसं झडण्याचा इशारा असतो. ज्या गावात वीज बेभरवशाची आहे तिथे बॅटरीवरचा छोटा सौर दिवा आणि टायमर वापरावा, नाहीतर नुसत्या खाद्यावर समाधान मानावं. शिवाय १८ आठवड्यांखालच्या माद्यांना जादा उजेड देऊ नये; अंग तयार होण्याआधी अंडं सुरू झालं की ते अडकतं, आणि मादी हातची जाते.

पिल्लं कधी आणावीत, याचं उत्तर याच हिशेबातून निघतं. खाकी कॅम्पबेल साधारण २० ते २२ आठवड्यांत अंड्यावर येते. आषाढात, जुलैच्या आरंभी आणलेली पिल्लं नोव्हेंबरच्या अखेरीस तयार होतात, आणि पहिल्या वर्षाची मादी पिसं बदलण्यात हिवाळा घालवत नाही. त्यांची वाढ दिवस आखूड होत जाताना होते, त्यामुळे ती थोडी उशिरा सुरू होतात. बल्बचा खरा उपयोग इथे. एवढं मात्र लक्षात ठेवावं की ही जात अंड्यावर सहसा बसत नाही. पुढची पिढी घरीच काढायची तर खुडूक गावरान कोंबडी शोधावी लागते, आणि तिला २१ नव्हे, २८ दिवस बसवावं लागतं.

बदकाला तळं लागतं, हा समज अंड्यांपुरता खोटा आहे. डोकं बुडवून डोळे आणि नाकपुड्या धुता येतील एवढं खोल घमेलं पुरतं. पण पाणी कोणतं, हा प्रश्न अकोटमध्ये खोलीपेक्षा मोठा आहे. तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरी इतक्या खाऱ्या, की ८४ खेड्यांसाठी वान धरणावरून पाणी आणण्याची योजना करावी लागली. बदकाच्या डोळ्यांवर मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते, म्हणून त्याला खारं पाणी चालतं असं कोणी सांगेल. गोड्या पाण्यावर वाढलेल्या पाळीव बदकात ती ग्रंथी लहानच राहते आणि पिल्लांना मीठ लवकर बाधतं. कोंबड्यांवरच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत पिण्याच्या पाण्यातल्या मिठाने कवचं कमजोर झाल्याचं दिसलं आहे. त्यामुळे खारपाणपट्ट्यात कवचं पातळ येत असतील तर शिंपल्याचा चुरा वाढवण्याआधी पाणी बदलून पाहावं. आंघोळीला खारं चालेल, प्यायला नळाचं.

पैशांचं काय? समजा दहा माद्या आहेत आणि त्या पूर्णपणे विकतच्या खाद्यावर आहेत. दिवसाला दीडशे ग्रॅम धरले तर महिन्याला ४५ किलो. ४० रुपये किलोने १,८०० रुपये. दहात सात अंडी मिळाली तर महिन्याला २१०, म्हणजे एका अंड्यामागे साडेआठ रुपये खाद्यातच गेले. कोंबडीच्या अंड्याच्या भावात हे विकून हाती काही लागत नाही, आणि लागतं असं सांगणाऱ्यांनी खाद्याचा हिशेब ठेवलेला नसतो. निम्मं खाद्य संत्र्याच्या ओलिताच्या बागेतून, अझोल्यातून, लसूणघासातून, स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यातून आलं, तर तोच आकडा सव्वाचार रुपयांच्या आसपास येतो आणि व्यवहार जमतो. म्हणून हा धंदा शंभर बदकांचा नव्हे, दहाचा आहे. परस जेवढं खाऊ घालू शकतं तेवढाच. मागणीची चिंता हिवाळ्यात कमी. मार्गशीर्षातले गुरुवार अनेक घरांत पाळले जातात, तेवढे सोडले तर साधारणपणे याच महिन्यांत अंड्याचा भाव चढा असतो. बदकाचं अंडं नवख्या गिऱ्हाइकाला उग्र वाटतं. मसाल्याच्या रश्श्यात ते वाटत नाही. ते नीट शिजवून खावं, अर्धकच्चं नको.

बर्ड फ्लूचा आक्षेप मात्र नुसता हिशेब दाखवून खोडता येत नाही. देशातला पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. परभणीजवळच्या मुरुंब्याचा जानेवारी २०२१मध्ये. दोन्ही हिवाळ्यातले, उत्तरेकडून पाणपक्षी आपल्या जलाशयांवर उतरलेले असतात त्या दिवसांतले. बदकाची अडचण अशी की विषाणू अंगात असूनही ते अनेकदा ठणठणीत दिसतं आणि शेजारच्या कोंबड्यांना तो देऊन जातं. त्यामुळे हिवाळ्यात चारा कमी पडतो म्हणून बदकं पोपटखेडच्या किंवा वानच्या धरणाकाठी चारायला न्यावीत, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. पाण्याचं भांडं छपराखाली ठेवावं, रानपक्षी त्यात उतरणार नाहीत असं. रोग सापडला तर एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, ज्यांच्या घरी बदक नाही त्यांचेही. फुकटच्या गोगलगायींसाठी अख्ख्या गल्लीच्या कोंबड्या डावाला लावाव्यात, इतका तो चारा मोलाचा नाही. त्या तीन महिन्यांपुरती सोयाबीनची ढेप विकत घेतलेली बरी.